ताऱ्यांची जोडी आणि नोंदवही



एरवी मी इथं येते ती बचत, हप्ते, विमा नाहीतर शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती सांगायला. आज विषय वेगळा आहे. आज मी आकाशातल्या ताऱ्यांच्या जोड्यांची गोष्ट सांगणार आहे. ती आजच का सांगते, ते शेवटी कळेल. आमच्या एका गटात येत्या मंगळवारी एक निर्णय व्हायचा आहे आणि त्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

गेल्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या दोन गटांतल्या बाया जीप ठरवून खोडदला गेलो होतो. खोडद म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, नारायणगावजवळचं गाव. तिथं मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या खोडदच्या आणि आसपासच्या गावांच्या शिवारात उभ्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, म्हणजे आपल्या गावातली सात-आठ घरं आत बसतील एवढी. विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळेच्या पोरांची जत्राच असते.

तिथं एक विद्यार्थी आम्हाला समजावून सांगत होता, की काही तारे ठरावीक वेळानं ठोके देतात, घड्याळासारखे. त्यांना पल्सार म्हणतात. आमच्यातल्या एका मावशींनी त्याला विचारलं, "बाळा, हा तारा सारखे ठोके देतो, तर त्याला खायला कोण घालतं?"

सगळ्या हसल्या. तो पोरगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आजी, शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. काही तारे स्वतःची पुंजी खातात आणि काही शेजाऱ्याचं."

मी बीए आहे, इतिहास घेऊन. मला गणितं येत नाहीत, पण कुणी काय केलं, कधी केलं आणि कुणाचं नाव राहिलं हे शोधता येतं. गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना विचारत, वाचत मी मावशींच्या प्रश्नाचा इतिहास गोळा केला. तो तुमच्यापुढं ठेवते.

सुरुवात एक्स-रेपासून करू. हात मोडला की आपण ज्याचा फोटो काढतो, तेच हे किरण. मराठी पुस्तकात त्यांना क्ष-किरण म्हणतात. १८९५ मध्ये जर्मनीत राँटजेन यांना ते सापडले आणि त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी, दोन्ही त्यात दिसतात. डोळ्यांना दिसणारा उजेड, रेडिओच्या लहरी आणि एक्स-रे ही सगळी एकाच घरातली भावंडं. फरक ताकदीचा. एखादी वस्तू लाखो-कोटी अंश तापली की तिच्यातून एक्स-रे निघतात.

पण आकाशातून येणारे एक्स-रे जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वरची हवा ते अडवते. हे आपल्यासाठी बरंच आहे, नाहीतर अंगाला रोज इजा झाली असती. पण त्यामुळंच माणसाला हजारो वर्षं आकाशाची ही बाजू दिसली नाही. रेडिओच्या लहरी हवेतून खाली येतात, म्हणून खोडदची दुर्बीण शेतात उभी राहू शकते. एक्स-रे पाहायचे तर उपकरण हवेच्या वरच न्यावं लागतं.

ते नेलं अमेरिकेतल्या रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. जियाकोनी मूळचे इटलीचे. त्यांची आई शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची. त्यांचा आधीचा एक प्रयत्न फुकट गेला होता. रॉकेट नीट उडालं, पण उपकरणासमोरची दारंच उघडली नाहीत. मग १८ जून १९६२ च्या मध्यरात्री न्यू मेक्सिको राज्यातल्या वाळवंटातून पुन्हा एक रॉकेट उडालं. काम होतं चंद्रावरून एक्स-रे येतात का ते पाहण्याचं. हातात वेळ किती? सहा मिनिटांपेक्षाही कमी. नंतर रॉकेट खाली पडणार.

चंद्राचे एक्स-रे तेव्हा दिसले नाहीत. पण दुसऱ्याच दिशेनं, वृश्चिक राशीकडून, एक्स-रेचा लोंढा आला. ज्येष्ठा नक्षत्र जिथं दिसतं, त्या भागातून. साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर ती चांदणी इतकी फिकी, की नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण एक्स-रेमध्ये पाहिलं तर सूर्य सोडून आपल्या आकाशात कायम एवढी झगझगीत दुसरी वस्तू नाही. तिला नाव पडलं स्को एक्स-१.

म्हणजे उजेड नाही, पण आग भयंकर. मग या चुलीत सरपण कुठून येत होतं? मावशींचा प्रश्न तो हाच.

आता गोष्ट इंग्लंडला जाते, कारण कोड्याचा दुसरा तुकडा तिथं सापडला. तो सापडला जॉसलिन बेल या २४ वर्षांच्या विद्यार्थिनीला.

जॉसलिनचा जन्म १९४३ चा, उत्तर आयर्लंडचा. ती शाळेत असताना मुलांना विज्ञानाच्या वर्गात पाठवलं आणि मुलींना स्वयंपाक शिकायच्या खोलीत. तिच्या आईवडिलांनी शाळेत जाऊन भांडण केलं, आणखी काही पालकही बोलले, तेव्हा तीन मुलींना विज्ञानाच्या वर्गात बसू दिलं. त्यातली ही एक. पुढं ग्लासगोच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वरच्या वर्गात ती एकटीच मुलगी. ती वर्गात शिरली की पोरं शिट्ट्या मारायची, बाकं वाजवायची. ती खाली मान घालून बसायची नाही, ती शिकली.

केंब्रिजला ती पीएचडीला गेली. तिथं आधी दुर्बीणच बांधायची होती. साडेचार एकराचं रान, हजारावर खांब, आणि मैलोगणती तारा. जॉसलिन घण घेऊन खांब ठोकायची. दुर्बीण चालू झाली तेव्हा ती चालवायची आणि तिचे कागद वाचायचे हे कामही तिच्याचकडे आलं. दुर्बिणीला जे ऐकू येई ते पेनानं लांब कागदावर रेघ होऊन उमटायचं. रोज सुमारे ३० मीटर कागद. आपल्या नऊवारीच्या तीन-चार साड्या एकापुढं एक अंथरा, एवढा. तो सगळा ती नजरेखालून घालायची.

ऑगस्ट १९६७ मध्ये त्या कागदावर तिला अर्धा-पाऊण सेंटिमीटरची खरखर दिसली. ती ताऱ्यासारखी नव्हती आणि गाडीच्या इंजिनाच्या अडथळ्यासारखीही नव्हती. दुसरं कुणी असतं तर कागद गुंडाळून ठेवला असता. जॉसलिनला वाटलं, ही खरखर आधीही कुठंतरी दिसली होती. तिनं जुने कागद काढले. आकाशाच्या त्याच जागेवरून, तशीच खरखर. मग तिनं कागद जास्त वेगानं सरकवून नोंद घेतली आणि २८ नोव्हेंबरला एकेक ठोका वेगळा दिसला. दर १.३३७ सेकंदाला एक, चुकल्याशिवाय.

सुरुवातीला गमतीनं तिथली मंडळी म्हणाली, परग्रहावरचे लोक हाका मारतात की काय. पण नाताळाच्या आधी, कडाक्याच्या थंडीत जॉसलिननं दुसरी खरखर शोधली, आकाशाच्या अगदी वेगळ्या कोपऱ्यात. दोन वेगळ्या दिशांहून दोन वेगळी माणसं एकाच वेळी हाक कशाला मारतील? हे तारेच होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये ही बातमी छापून आली.

हा कसला तारा? खूप मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, त्याची साल उडून जाते आणि आतला गाभा आवळून दाबला जातो. सूर्यापेक्षा जास्त माल, पण गोळा अवघा २० किलोमीटर रुंदीचा, म्हणजे आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन थोडं पुढं. त्याचा एक चमचा काढला तर वजन शंभर कोटी टनांच्या पुढं जाईल. हा न्यूट्रॉन तारा. असा तारा असू शकेल हे १९३४ मध्येच वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी कागदावर मांडलं होतं. जॉसलिनच्या नोंदीनंतर तो खरा निघाला. तो गरगर फिरतो आणि ॲम्ब्युलन्सच्या टपावरच्या फिरत्या दिव्यासारखा त्याचा झोत आपल्यावरून जातो. झोत आला की एक ठोका.

हा एकटा न्यूट्रॉन तारा स्वतःच्या फिरकीतूनच खर्च करतो. म्हणून तो हळूहळू मंदावतो. मिळकत नाही, नुसती जमापुंजी काढून खाणं. मावशींच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर.

उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी एका बाईकडं जाऊ. तिचं नाव मार्जोरी टाउनसेंड.

रॉकेटनं पाच-सहा मिनिटं बघून भागणार नव्हतं. एक्स-रे पाहणारा उपग्रह हवा होता, जो महिनोन्महिने वरच राहील. जियाकोनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उपकरण केलं. अमेरिकेच्या नासा संस्थेत या सगळ्या कामाची व्यवस्थापक होती टाउनसेंड. पंधराव्या वर्षी ती विद्यापीठात गेली होती. १९५१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून इंजिनियर होणारी ती पहिली बाई. घरी चार मुलगे. उपग्रह वेळेत, पैशात आणि वजनात बसवायचा, कुठला भाग कुणाकडून येणार, कशाची चाचणी कधी होणार, हे सगळं तिनं सांभाळायचं होतं. अमेरिकेत उपग्रहाच्या कामाची प्रमुख झालेली ती पहिली बाई मानली जाते. गटाच्या अध्यक्षबाईला आणि सचिवबाईला हे काम काय असतं ते सांगायला नको. दिसत नाही, पण अडलं की सगळं अडतं.

१२ डिसेंबर १९७० ला आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्याजवळ, समुद्रात उभ्या केलेल्या इटलीच्या तळावरून हा उपग्रह उडाला. विषुववृत्ताजवळून उडवलं की पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का फुकट मिळतो. योगायोगानं तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता. सात वर्षांपूर्वी याच तारखेला तो देश इंग्रजांच्या हातून सुटला होता. म्हणून टाउनसेंडनं उपग्रहाला तिथल्या स्वाहिली भाषेतलं नाव सुचवलं, उहुरू. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

सुमारे १४० किलोंचा हा उपग्रह स्वतःभोवती सावकाश गिरक्या घेत आकाश झाडून काढायचा. आधी सगळ्या जगाला मिळून एक्स-रेच्या तीस-चाळीस जागा माहीत होत्या. उहुरूच्या शेवटच्या यादीत त्या ३३९ झाल्या. पण यादीपेक्षा मोठी गोष्ट एकाच जागेच्या नोंदीत सापडली. ती जागा नरतुरंग नावाच्या तारकासमूहातली, नाव सेन एक्स-३.

१९७१ च्या सुरुवातीला दिसलं, की सेन एक्स-३ चे एक्स-रे दर ४.८४ सेकंदाला कमी-जास्त होतात. पुन्हा ठोके. पण जॉसलिनच्या ताऱ्यांचे ठोके घड्याळाला लाजवणारे होते, याचे तसे नव्हते. कधी थोडे लवकर येत, कधी थोडे उशिरा. आणि मधूनच एक्स-रे जवळपास बंदच व्हायचे, अर्धा दिवस काही नाही, मग परत चालू. आपल्या वहीत एखाद्या ताईचा हप्ता कधी चार दिवस आधी, कधी चार दिवस उशिरा येतो आणि मग एक महिना येतच नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? वही चुकली म्हणतो, नाहीतर ताई चुकली म्हणतो. हुशार सचिव मात्र पूर्ण वर्षाची पानं उलटते. मग तिला दिसतं, की दूधसंघाचं बिल ज्या तारखेला येतं त्यावर हप्ता हलतो. चुकीत शिस्त असते.

ईथन श्रायर, हार्वी टॅननबॉम, जियाकोनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तसंच केलं. सगळ्या नोंदी एकापुढं एक मांडल्या. एक्स-रे बंद पडण्याची वेळ पाहिली, तर बरोबर दर दोन दिवस आणि दोन तासांनी. ठोक्यांचं पुढं-मागं होणंही त्याच दोन दिवस दोन तासांच्या चक्रात. आणि ते सगळं एकाच कारणानं सुटलं. तारा एकटा नाही. त्याची जोडी आहे.

हे नीट समजून घेऊ. ॲम्ब्युलन्स आपल्याकडं येत असते तेव्हा तिचा भोंगा बारीक, चढा ऐकू येतो. पुढं निघून गेली की तोच भोंगा जाड होतो. भोंगा बदलत नाही. गाडी जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटून येतात, दूर जाताना पांगतात. तसंच हा तारा आपल्याकडं येत असताना ठोके दाटून येतात आणि दूर जाताना विरळ होतात. म्हणजे तो कुणाभोवती तरी फिरतो. आणि जेव्हा तो दुसऱ्या मोठ्या ताऱ्याच्या मागं जातो, तेव्हा त्याला ग्रहण लागतं. म्हणून अर्धा दिवस एक्स-रे गुल.

ठोक्यांच्या पुढं-मागं होण्यावरून त्यांनी त्याचा वेग काढला, सेकंदाला ४१५ किलोमीटर. एवढ्या वेगानं फिरणाऱ्याला धरून ठेवायचं तर जोडीदार निदान १५ सूर्यांएवढा जड पाहिजे. नुसत्या ठोक्यांच्या वहीवरून त्यांनी हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचं वजन केलं. ताजवा नाही, माप नाही. १९७२ मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी शौरी तारकासमूहातला दुसरा तारा, हर एक्स-१, तसाच निघाला. त्याचा ठोका १.२४ सेकंदांचा आणि फेरा १.७ दिवसांचा. एवढ्या जोरात गिरकी घेऊन जी वस्तू फुटत नाही, ती फार लहान आणि फार घट्टच असणार. न्यूट्रॉन तारा.

आता मावशींचं उत्तर. या जोडीत एक न्यूट्रॉन तारा आणि एक साधा, जळता तारा. न्यूट्रॉन ताऱ्याची ओढ भयंकर. तो जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. तो वायू सरळ पडत नाही. मोरीत पाणी सोडलं की जाळीपाशी कसा भोवरा होतो, तसा तो भोवऱ्यात फिरत फिरत आत येतो. जात्यातून निघालेलं पीठ हाताला गरम लागतं, कारण घासलं गेलेलं असतं. इथंही वायू वायूवर घासतो, तापतो. शेवटी तो ताऱ्यावर आदळतो तेव्हा त्याचा वेग उजेडाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास गेलेला असतो. आडात दगड टाकला तर तळाशी किती जोरात आदळतो ते आठवा, आणि हा आड किती खोल असेल ते मनात आणा. तिथं तापमान कोटी अंशांवर जातं. म्हणून एक्स-रे.

ताऱ्याचं चुंबक हा वायू दोन टोकांकडं वळवतं. ती दोन टोकं सगळ्यात जास्त तापतात. तारा फिरतो तसं तापलेलं टोक आपल्यासमोर येतं आणि जातं. तो ठोका. आणि बघा, हे जोडीतले तारे एकट्या ताऱ्यांसारखे नुसते मंदावत गेले नाहीत. पुढच्या वर्षांत मोजलं, तर सेन एक्स-३ आणि हर एक्स-१ ची फिरकी थोडी वाढत होती. जोडीदाराचा वायू पडता पडता त्यांना गिरकीही देतो. हा पुरावा पक्का होता. हे तारे पुंजीवर नाही, रोजच्या मिळकतीवर जगतात.

हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे एक दुसऱ्याला खाऊन झगमगतो. ओळखीचं आहे गं." त्यावर मी काय बोलणार?

आता नावांचा इतिहास. १९७४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक पल्सारच्या शोधासाठी आणि रेडिओ दुर्बिणींच्या कामासाठी मिळालं. ते जॉसलिनचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना. जॉसलिनचं नाव त्यात नव्हतं. शोध गाजला तेव्हा पेपरवाले ह्युइशना शोधाबद्दल विचारत आणि तिला विचारत, तुझी उंची किती, तुला मित्र किती.

ती तेव्हा कुठं होती? लंडन विद्यापीठाच्या अवकाश प्रयोगशाळेत, एक्स-रेच्याच कामावर. इंग्लंडचा एरियल-५ हा एक्स-रे उपग्रह त्याच ऑक्टोबर महिन्यात, केनियाजवळच्या त्याच समुद्रातल्या तळावरून उडाला. त्याच्या कामात ती होती. लग्न झालं होतं, मुलगा लहान होता. नवऱ्याची बदली होईल तिकडं ती जायची आणि तिथं मिळेल ते काम धरायची, बरीच वर्षं अर्धवेळ. या ओळीपाशी मी थांबले होते. इथं ऐकणाऱ्या किती जणींनी शिवणक्लास, अंगणवाडीची नोकरी, डीएड अशीच मध्यात सोडली किंवा अर्ध्यावर धरून ठेवली असेल, ते मला माहीत आहे. तिनं धागा सोडला नाही. पुढं ती प्राध्यापक झाली, शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थांची अध्यक्ष झाली.

२०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं. तिनं ते सगळं देऊन टाकलं. ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा जागा मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी. मुली, निर्वासित घरांतली पोरं, अल्पसंख्य समाजातली पोरं. जियाकोनींना एक्स-रेच्या कामाबद्दल नोबेल मिळालं २००२ मध्ये. टाउनसेंडचं नाव तर अजून फार थोड्यांना माहीत आहे.

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच हैदराबादहून मोठे फुगे सोडून, हवेचा बहुतेक भाग खाली राहील इतक्या उंचीवर उपकरणं नेली आणि वृश्चिकेतल्या त्याच स्को एक्स-१ चे एक्स-रे मोजले. १९७५ मध्ये आपला पहिला उपग्रह आर्यभट उडाला, त्यातही एक्स-रेचं उपकरण होतं. थोड्याच दिवसांत विजेत बिघाड झाला आणि ते काम थांबलं. दारं न उघडलेल्या रॉकेटसारखंच. पण काम सोडलं नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून ॲस्ट्रोसॅट उडाला. त्यातली एक्स-रेची मोठी उपकरणं मुंबईत तयार झाली, आणि पुण्याच्या आयुका संस्थेचाही त्यात हात आहे. त्यातलं एक उपकरण सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत वेळ मोजतं, खास करून अशाच जोडताऱ्यांचे ठोके टिपायला. पाच वर्षांसाठी पाठवलेला उपग्रह, मुदत उलटली तरी काम करत राहिला.

म्हणजे मावशींच्या प्रश्नावर काम करणारी माणसं आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहेत. त्यात मुलीही आहेत.

आता मंगळवारची बैठक.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी यंदा दहावी झाली. खोडदला आमच्याबरोबर ती आली होती. तबकडीखाली उभी राहून तिनं त्या विद्यार्थ्याला एवढे प्रश्न विचारले, की जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. तिला अकरावी सायन्सला जायचं आहे. सायन्स तालुक्याच्या गावी आहे, गावच्या कॉलेजात फक्त आर्ट्स. फी, खोली आणि पुस्तकं धरून तिच्या आईनं गटाकडं १५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं आहे. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंची मागणी आहे, शेवयांच्या मशिनसाठी. गटात पैसे एकीलाच पुरतील एवढे. शेवयांच्या मशिनचा हप्ता दिवाळीपासून सुरू होईल, हे दिसतंय. मुलीच्या शिक्षणाचा परतावा कधी आणि कुणाच्या घरात येईल, हे कुणालाच दिसत नाही. गेल्या बैठकीत एक जण म्हणालीसुद्धा, "पोरगी तारे बघून काय करणार? आर्ट्सला घाला, घरातही मदत होईल."

त्या ताई वाईट बोलल्या नाहीत. त्यांना पैसा बुडायची भीती आहे आणि ती खरी भीती आहे. शेवयांची मागणी करणारी ताईही तीन वर्षं थांबली आहे. मी समन्वयक आहे, मला त्या बैठकीत मत नाही, आणि नसावंच. निर्णय गटाचा. म्हणून मी मत देत नाही, फक्त दोन गोष्टी सांगते.

मीही दहावीला असताना सायन्स मागितलं होतं. गावात आर्ट्स होतं म्हणून आर्ट्सला गेले. मला इतिहास आवडला, मी त्यावर नाराज नाही. पण माझ्या वेळेला "हिला काय हवंय" हे कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. विषय निघाला आणि भाकरी वाढता वाढता संपला.

दुसरं. आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे, नियमित लेखे. आज सांगितलेली सगळी गोष्ट त्याच सूत्रावर उभी आहे. जॉसलिननं अर्ध्या सेंटिमीटरची खरखर टाकून दिली नाही. उहुरूच्या लोकांनी न जुळणारे ठोके चूक म्हणून खोडले नाहीत. म्हणून मंगळवारी निर्णय काहीही होवो, मुलीची मागणी इतिवृत्तात लिहा. नुसतं "शिक्षण कर्ज" असं लिहू नका. तिचं नाव लिहा, विषय लिहा, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही तेही लिहा. ते पान पुढच्या वर्षी परत उघडता येईल. जे लिहिलंच नाही, ते उघडता येत नाही.

आणि वह्या चाळताना आणखी एक गोष्ट तपासा. दोन कर्जं मिळून किती होतात, आणि ग्रामसंघाकडून त्यातलं एक मिळू शकतं का. आपण बरेचदा "एकीलाच पुरेल" असं म्हणून मोकळ्या होतो, पण ग्रामसंघाचं पान बघतच नाही.

ज्या गटांत यंदा दहावी-बारावी झालेल्या मुली आहेत, त्यांनी येत्या बैठकीत एकदा त्यांना बोलवा. हिशेब संपल्यावर दहा मिनिटं द्या. त्यांना विचारा काय शिकायचंय, आणि जे सांगतील ते लिहून घ्या.

पाऊस उघडला तर आज रात्री जेवणं झाल्यावर दक्षिणेकडं बघा. विंचवाच्या नांगीसारख्या आकड्यात तारे दिसतील, त्यात एक तांबूस, ती ज्येष्ठा. तिच्यापासून थोड्या अंतरावर, डोळ्यांना न दिसणारी, स्को एक्स-१ ची जोडी फिरतेय. साधारण १९ तासांना एक फेरा. पोरींनाही अंगणात बोलवा.

पुढच्या महिन्यात भेटू, तेव्हा मंगळवारचं काय झालं ते सांगेन. नमस्कार.